कोठीची मूळ कोठी

हैदराबादेत ‘कोठी’ म्हटले की आपणां मराठी मंडळींस सुलतान बझारची गर्दी व सणासुदीची खरेदी आठवते. ज्या कोठीवरून हे नाव पडले, ती ब्रिटिश रेसिडेन्सी मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच आतून पाहिली असेल.

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक ह्या रेसिडेंटाने इ. स. १८०३ च्या सुमारास तिचे काम काढले. आराखडा लेफ्टनंट सॅम्युअल रसेल ह्यांचा, आणि पैसा निजामाचा! कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा बेगम पडद्यात राही. तिच्यासाठी जनान्याच्या बागेत कोठीची छोटी प्रतिकृती उभारली, असे सांगतात. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान व मौलवी अल्लाउद्दीन ह्यांनी चाल केली ती ह्याच वास्तूवर.

१९४९ मध्ये येथे उस्मानियाचे महिला महाविद्यालय आले. मुलींचे वर्ग भरत राहिले म्हणून कोठी ओस पडली नाही, असे आम्ही मानतो. तरी देखभाल अपुरी पडली, आणि २००२ मध्ये जगातील धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. पुढे जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

अशा कामात चुन्याचे महत्त्व फार. जुन्या विटांतील ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते; सिमेंट ती आत कोंडते, मग भिंत फुगते व पोपडे सुटतात. आपल्यापैकी ज्यांचे जुने चुनेगच्ची वाडे आहेत, त्यांनी डागडुजीपूर्वी गवंड्यास चुन्याचे काम येते की नाही, हे आधी विचारून घ्यावे.