'विधिनिषेधशून्य' : अर्थ आणि उपयोजन

नीतीची चाड नसलेल्या व्यक्तीसाठी मराठीत 'विधिनिषेधशून्य' हे विशेषण रूढ आहे. कधी कधी ते 'निर्लज्ज' या शब्दाचा पर्याय म्हणूनही योजले जाते. या दोहोंतील भेद पुसला गेल्यास वाङ्मयीन मूल्यमापनातही गफलत होते, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'विधी' म्हणजे अमुक करावे अशी आज्ञा. 'निषेध' म्हणजे अमुक करू नये अशी मनाई. ही जोडी मीमांसाशास्त्रातील आहे. आजच्या मराठीत सुटा 'निषेध' मुख्यतः जाहीर नापसंतीचा वाचक झाला असला, तरी या समासात 'मनाई' हा जुना अर्थ टिकून आहे. मात्र समासाचा अर्थ शास्त्राज्ञेपुरता न राहता एकंदर योग्यायोग्यविवेकापर्यंत विस्तारला आहे. त्याचा प्रयोग बहुधा नकारार्थी असतो : 'सत्तेसाठी त्याने कोणताही विधिनिषेध बाळगला नाही.' या वाक्यातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. 'बाळगणे' या क्रियापदातून हे बंधन मनातले असल्याचे सूचित होते आणि 'सत्तेसाठी' या पदातून ते सोडण्यामागील स्वार्थ व्यक्त होतो.

'निर्लज्ज' या शब्दाचा रोख निराळा आहे. लाज ही पाहणाऱ्याच्या नजरेशी निगडित असते. तीत लोकापवादाचे भय असते.

हा भेद जनाबाईंच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात स्पष्ट होतो. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या. या अभंगातील स्त्रीच्या डोईवरचा पदर खांद्यावर आला आहे. टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जाण्याचा निश्चय ती बोलून दाखविते, आता मनाई कोण करणार असे विचारते आणि अखेरीस स्वतःला 'येसवा', म्हणजे वेश्या, म्हणवून घेत केशवाच्या घराकडे निघते.

मनाईच झुगारली असल्याने या स्त्रीला विधिनिषेधशून्य म्हणावे काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. शब्दशः पाहता तसे म्हणता येईल. रूढ अर्थाने मात्र नाही. तिने नाकारलेली मनाई लोकांनी घातलेली आहे. त्या नकारामागे लाभाची अपेक्षा नाही. त्याची किंमतही तिची तिलाच मोजावी लागते. लोक जी शिवी देतील ती तिने आधीच स्वीकारली आहे. शिवाय केशवाशी असलेले नाते हे तिने स्वेच्छेने पत्करलेले बंधन आहे. ती लोकलाज सोडते, विवेक नव्हे. याउलट, विधिनिषेधशून्य मनुष्य लोकलाज कसोशीने सांभाळू शकतो. प्रतिष्ठेच्या आड राहूनच त्याचा स्वार्थ साधतो.

म्हणून एखाद्या व्यक्तिरेखेला हे विशेषण लावताना तिने कोणता संकेत मोडला एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या हितासाठी मोडला आणि त्याची झळ कोणाला बसली, हेही तपासणे आवश्यक ठरते. अन्यथा बंडखोर स्त्री आणि निर्ढावलेला स्वार्थी पुरुष यांना एकाच शब्दाने दोषी ठरविले जाण्याचा धोका संभवतो.