वाय-फाय आहे, इंटरनेट नाही; पैसे गेले का?

वाय-फायची खूण पूर्ण दिसते, तरी यूपीआयचे चक्र फिरतच राहते. ती खूण एवढेच सांगते, की फोन राउटरला जोडलेला आहे. राउटरच्या पुढची लाइन बंद असू शकते. घरातले सगळेच फोन अडले असतील, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. तुमचाच अडला असेल, तर फोनमधली तारीख-वेळ तपासा. ती चुकली, तर बँकेचे अ‍ॅप जोडले जात नाही. घाई असल्यास सरळ वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावा.

पिन टाकल्यावर जोडणी तुटली, तर मात्र लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी शिल्लक पाहा. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावला, तर ती इंटरनेटशिवायही कळते. खात्यातून रक्कम गेली, पण समोरच्याला पोचली नाही? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेली रक्कम व्यवहारानंतर १ दिवसात आणि दुकानदाराला दिलेली ५ दिवसांत परत यायला हवी. पुढे उशीर झाला, तर रोज १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार अ‍ॅपमध्ये किंवा आपल्या शाखेत करा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका. पैसे परत मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.