क्षीण युरेनियमची किरणोत्सारिता

‘क्षीण युरेनियम’ हा शब्द ऐकला की या धातूची किरणोत्सारिता जवळजवळ लोपली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे ‘क्षीण’ हे विशेषण केवळ युरेनियम-२३५ या एका समस्थानिकाच्या घटलेल्या प्रमाणास उद्देशून आहे. किरणोत्सारिता किती घटली, हा प्रश्न निराळा आहे.

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये तीन समस्थानिक असतात. वजनाने पाहता युरेनियम-२३८ सुमारे ९९.२८ टक्के, युरेनियम-२३५ ०.७१ टक्के आणि युरेनियम-२३४ अवघे ०.००५४ टक्के. त्यांची अर्धायुष्ये अनुक्रमे सुमारे ४४७ कोटी, ७० कोटी आणि २ लाख ४५ हजार वर्षे आहेत. अर्धायुष्य जितके अल्प, तितका विघटनाचा वेग अधिक. म्हणूनच एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियममध्ये दर सेकंदाला होणाऱ्या सुमारे २५,४०० विघटनांपैकी जवळजवळ निम्मी त्या लेशमात्र युरेनियम-२३४ची असतात. हा योगायोग नव्हे. युरेनियम-२३४ हा युरेनियम-२३८चाच वंशज असून, दीर्घकाळात त्याची निर्मिती व विघटन यांचा तोल साधलेला असतो. युरेनियम-२३५च्या वाट्याला मात्र जेमतेम ५७० विघटने येतात.

आता समृद्धीकरणाकडे वळू. युरेनियमचे वायुरूप फ्लुओराइड बनवून त्यातील हलके रेणू वेगळे काढले जातात. युरेनियम-२३४ सर्वांत हलका असल्यामुळे तो युरेनियम-२३५च्या बरोबरीने, किंबहुना अधिक प्रमाणात, निघून जातो. मागे उरलेल्या क्षीण युरेनियममध्ये युरेनियम-२३५ सुमारे ०.२ टक्के आणि युरेनियम-२३४ सुमारे ०.००१ टक्के असते, असे धरल्यास दर ग्रॅमला, दर सेकंदाला होणारी विघटने सुमारे १४,९०० भरतात. म्हणजे नैसर्गिक युरेनियमच्या तीन पंचमांश किरणोत्सारिता शिल्लक राहते आणि झालेली घट प्रामुख्याने युरेनियम-२३४ गेल्यामुळे असते.

हा हिशेब केवळ युरेनियमच्या अणूंचा आहे. शुद्ध केलेल्या धातूतही काही महिन्यांत थोरियम-२३४ व प्रोटॅक्टिनियम-२३४ ही अपत्ये पुन्हा साठतात आणि बीटा कण उत्सर्जित करू लागतात.

घटकांच्या या पृथक्करणाला व्यवहारातही महत्त्व आहे. १९९९ साली कोसोव्होमध्ये वापरलेल्या क्षीण युरेनियमच्या शस्त्रांत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाला युरेनियम-२३६चा अंश आढळला. हा समस्थानिक अणुभट्टीत निर्माण होतो. त्या धातूत अणुभट्टीत वापरून झालेले युरेनियम मिसळले होते, हे त्यावरून उघड झाले. सापडलेला अंश अत्यल्प असल्याने एकूण किरणोत्सारितेत त्यामुळे विशेष फरक पडला नाही; परंतु धातूचा पूर्वेतिहास मात्र कळला.

युरेनियमचे आल्फा कण त्वचेच्या बाह्य थरातच अडतात. धूळ श्वासावाटे शरीरात गेली, तर मात्र धोका संभवतो. शिवाय मूत्रपिंडास अपाय करणारा युरेनियमचा रासायनिक विषारीपणा समस्थानिकांच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. तो क्षीण युरेनियममध्येही तितकाच राहतो.