शिशाची विषबाधा व त्यानंतरची शुश्रूषा

कसबा पेठेंतील तांबट आळीचें नांव पुण्यांत कोणास ठाऊक नाहीं? तेथें घडविलेले हंडे व घंगाळीं शहराच्या घरोघरीं पिढ्यान्‌पिढ्या वापरांत आहेत. तांब्यापितळेच्या भांड्यांत स्वयंपाक करावयाचा तर त्यांस आंतून कल्हई पाहिजे. कल्हईवाला भांडें तापवितो, नवसागराची पूड टाकतो, कथिल फिरवितो व कापसाच्या बोळ्यानें तो चकचकीत लेप सर्वत्र पसरवितो. शुद्ध कथिलाची कल्हई निरुपद्रवी होय. परंतु कथिल महाग आणि शिसें स्वस्त. तेव्हां भेसळीचा मोह होतो. असें भांडें चिंच-आमसुलाच्या आंबट आमटीस वापरलें म्हणजे शिसें अन्नांत उतरतें.

शिसें घरांत शिरण्याच्या वाटा आणखीही आहेत. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेंच एक भस्म. जुन्या बॅटऱ्या वितळविणाऱ्या कामगाराच्या कपड्यांवरून त्याची धूळ मुलांपर्यंत पोंचते. इ. स. २००८ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकीं सुमारें एकपंचमांश औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. यावरून सर्वच वैद्यकीस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु पुडींत काय आहे हें विचारण्याचा हक्क प्रत्येक रोग्यास आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. रक्ततपासणींत शिसें आढळलें, डॉक्टरांनीं उपचार केले, मूल खेळूं लागलें, म्हणजे प्रकरण संपलें अशी पुष्कळांची समजूत असते. ती घातक आहे. शिशाचा स्वभाव कांहींसा चुन्यासारखा, म्हणजे कॅल्शियमसारखा आहे. शरीर फसतें व त्यास हाडांत सांठवून ठेवितें. मोठ्या माणसाच्या अंगांतील शिशाचा नऊदशांशाहून अधिक भाग हाडांत असतो. रक्तांतील शिसें सुमारें महिन्याभरांत निम्मे होतें, परंतु हाडांतील शिसें जावयास दशकें लागतात. म्हणून औषधानें रक्त स्वच्छ झालेंसें दिसलें तरी थोड्या आठवड्यांत हाडांतून शिसें पुनः रक्तांत झिरपतें व आंकडा वर चढतो. याच कारणास्तव औषधाचा क्रम संपल्यावर दोनतीन आठवड्यांनीं पुनः रक्त तपासावें लागतें, व पुढेंही ठराविक अंतरानें तपासीत राहावें लागतें.

शिसें बांधून मूत्रावाटे बाहेर काढणाऱ्या औषधांचा इतिहास मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धांत लुइसाइट नांवाच्या सोमलयुक्त विषारी द्रव्यावर उतारा म्हणून ऑक्सफर्ड येथें पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक औषध शोधिलें. तेंच पुढें शिशावरही उपयोगी पडलें. लहान मुलांस तोंडानें देतां येणारें सक्सिमर अमेरिकेंत १९९१ मध्यें मान्य झालें. डेसिलिटरभर रक्तांत ४५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसें असलेल्या मुलांस तें देतात. त्याहून कमी प्रमाण असतां काय होतें? २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसें असलेल्या ७८० बालकांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. औषधानें रक्तांतील शिसें उतरलें, पण मुलांची बुद्धि त्यामुळें सुधारली नाहीं. गेलेलें नुकसान गोळीनें भरून निघत नाहीं, एवढा त्याचा अर्थ.

तेव्हां खरा उपचार म्हणजे शिशाचें मूळ शोधून तें दूर करणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें सांगितलें कीं, ५ मायक्रोग्रॅमपासूनच मुळाचा शोध घ्यावा. नायजेरियांतील झाम्फारा प्रांतांत २०१० मध्यें सोन्याचा दगड घरोघरीं कुटल्यामुळें शिशाची धूळ पसरली व चारशेंहून अधिक मुलें दगावलीं. तेथें परदेशी डॉक्टर औषधें घेऊन आले. परंतु आंगणांतील विषारी माती खरवडून काढल्यावांचून त्या घरच्या मुलांस औषध सुरू करावयाचें नाहीं असा त्यांनीं नियम केला. नियम कठोर खरा. पण ज्या घरांत मूल परत जावयाचें तें घरच विषारी असेल तर औषध देऊन काय उपयोग?

आहाराकडेही लक्ष पाहिजे. लोह व कॅल्शियम कमी पडलें कीं आंतडीं शिसें अधिक ओढून घेतात. नाचणी, तीळ, दूध, हिरव्या पालेभाज्या हे आपल्या घरांतील साधे पदार्थ येथें कामाचे आहेत. मुलाचे डॉक्टर लोहाचें प्रमाण तपासतील. औषध चालू असेल तर रक्तपेशी व यकृतही पाहतील. बोटास सुई टोंचून घेतलेल्या रक्तांत कातडीवरील धुळीचें शिसें मिसळूं शकतें. म्हणून हात नीट धुवावे आणि आंकडा मोठा आला तर शिरेंतील रक्तानें खात्री करावी. घरांतील धाकट्या भावंडांची तपासणी विसरूं नये, कारण तीं त्याच ताटांत जेवतात व त्याच जमिनीवर रांगतात.

शाळेचाही यांत वांटा आहे. शिशाचा परिणाम कधीं कधीं वर्षांनंतर अक्षरओळख, लक्ष व स्वभाव यांतून प्रकट होतो. असा विद्यार्थी मंद किंवा द्वाड ठरविण्यापूर्वीं शिक्षकांस त्याची हकीकत ठाऊक असणें इष्ट होय.

तपासणीचे कागद पालकांनीं जपून ठेवावे, विशेषतः मुलींचे. गरोदरपणीं बाळाच्या हाडांसाठीं आईच्या हाडांतून कॅल्शियम निघूं लागतें, व त्याबरोबर तेथें लपलेलें शिसेंही. वीस वर्षांपूर्वींचा तो आंकडा त्या वेळीं प्रसूतितज्ज्ञाच्या हातीं असला, तर तो आईचें रक्त वेळींच तपासून घेईल.