एमआरआयमधला ‘फायब्रोसिस’

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी एल४-एल५ मणक्यांमधली सरकलेली गादी काढली. पाय पुन्हा दुखतोय. रिपोर्टमध्ये ‘एपिड्युरल फायब्रोसिस’ लिहिलंय. पुन्हा ऑपरेशन लागेल का?

उत्तर : केवळ या शब्दावरून नाही. फायब्रोसिस म्हणजे आतली जखम भरताना धरलेला व्रण. तो बहुतेकांना असतोच. नुसता तो काढायला पाठ उघडली, तर नवा व्रण धरतो. गादीचा तुकडा पुन्हा सरकून नस दाबतोय का, हे पाहायला हवं. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेल्या फिल्ममध्ये व्रण उजळतो, तुकडा मात्र मधोमध काळसर राहतो. तुमचा एमआरआय तसा काढलाय का, हे सर्जनना विचारा. जुनी फिल्मही सोबत न्या. पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.