नोकरदारांची स्वयंसेवा : वेळ कोणाचा?

'स्वयंसेवा' आणि 'प्रोत्साहन' हे दोन शब्द शेजारी ठेवले की थोडे खटकते. जे काम माणसाने आपणहून करावयाचे, त्यासाठी मालकाने उत्तेजन देण्याचे कारण काय? परंतु आज कारखाने, बँका, सरकारी कचेऱ्या अशा अनेक ठिकाणी या योजना चालतात, आणि मला वाटते, त्यांचे यशापयश बहुधा एकाच गोष्टीवर ठरते : त्यात वेळ कोणाचा खर्च होतो?

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण रक्तदानाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद झाली. रक्त कारखान्यात तयार होत नाही, आणि साठवलेले रक्त साधारणपणे ३५ दिवसांपलीकडे टिकत नाही. तेव्हा वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून, फलक लावून भागत नाही. दाते बारा महिने लागतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने कामाच्या दिवशी मान्यताप्राप्त रक्तपेढीत रक्त दिले तर त्याला त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा मिळते. वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा, आणि दाखला सादर केल्यावर.

ही रजा म्हणजे रक्ताची किंमतच नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटनमधील दानाचे रक्त व अमेरिकेतील विकतचे रक्त यांची तुलना केली होती. पैशाची गरज असलेला विक्रेता आपला आजार लपवण्याचा संभव असतो, हा त्याचा एक महत्त्वाचा मुद्दा. रजेचे तसे नाही. तासाभराच्या कामाला दिवसाची सुट्टी हा थोडा लाभ खरा. पण रजेसाठी रोग लपवून कोणी रांगेत उभा राहील, असे मला वाटत नाही. शिवाय रक्त देऊन लगेच यंत्रावर उभे राहणेही बरे नव्हे.

आता कायद्याकडे वळू. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आले. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी, उदाहरणार्थ ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे त्यांनी, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे हे कलम सांगते. मग कर्मचाऱ्यांनी शाळेत जाऊन शिकवलेल्या तासांचे मोल या २ टक्क्यांत धरावे काय? जानेवारी २०१६ च्या सरकारी खुलाशात याचे उत्तर आहे : कर्मचाऱ्यांना अशा कामात जरूर सामील करून घ्यावे, परंतु त्यांच्या विनामूल्य सेवेची किंमत खर्चात धरता येणार नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो. नाहीतर साहेबाच्या दोन तासांच्या भेटीची रक्कम मांडून शाळेचे छप्पर तसेच गळके राहिले असते. मात्र याचा दुसरा परिणाम असा की, कर्मचाऱ्यांचा वेळ हा कंपनीला वरचा खर्च वाटू लागतो, आणि 'प्रोत्साहन' रविवारवर ढकलले जाते.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत १ मे २०१८ रोजी शहरांतून हजारो लोक श्रमदानाला गावोगाव गेले. तो दिवस सुट्टीचाच. त्यांच्या जाण्याने गावाला हुरूप आला असेल. पण स्पर्धा ४५ दिवसांची होती, आणि उरलेले दिवस कुदळ गावकऱ्यांच्याच हातात होती.

एक वर्ग या सगळ्या चर्चेत निसटतो, तो कंत्राटी कामगारांचा. माझे वडील एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. तेथे रक्तदान शिबिर झाले. कायम कामगारांना अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी मिळाली. ठेकेदाराच्या माणसांना प्रमाणपत्र आणि बिस्किटाचा पुडा तोच, पण हजेरीतून दोन तास कापले. वडिलांना त्याचे काही वाटले नाही. मला वाटले. ज्याच्या रोजावर घर चालते त्यानेच आपल्या सेवेचा खर्चही सोसला!

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, जी २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली, वर्षाला १२० तास ठरलेले आहेत व ते वहीत मांडले जातात. कारखान्यांनीही वर्षाचे तास आधी ठरवावेत, मग ते थोडे का असेनात. वीजतंत्र्याने जिल्हा परिषदेच्या शाळेतील वायरिंग तपासावे, हिशेबनिसाने बचत गटाला खतावणी शिकवावी. सर्वांनीच झाडे लावायला जाण्याची गरज नाही.

मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात आणि रक्तपेढ्यांत टंचाई पडते. त्या महिन्यात आपल्या सेवा योजना पथकाने औद्योगिक वसाहतीत शिबिर घ्यावे, असे मी प्राध्यापकांना सुचवतो. कारखान्यांना पाठवायच्या पत्रात ठेकेदाराकडील माणसांचे तास कापू नयेत ही अट घालावी, आणि तिला लेखी होकार घेऊन मगच तारीख द्यावी.