आरोग्यविमा : शासनाचा अंकुश की बाजाराची मोकळीक?

आमच्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेसाठी यंदा विषय होता, ‘आरोग्यविम्याचा व्यवसाय शासकीय नियंत्रणातून मुक्त करावा’. मी अनुकूल बाजूने बोललो. टाळ्याही मिळाल्या. परंतु घरी आल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला, “असं असंल, तर माझा क्लेम कामून नाकारला रे?” मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधातून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

विम्याचे तत्त्व

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे देऊन एकाचे मोठे संकट निवारणे. समजा, एका गावात हजार कुटुंबे आहेत आणि वर्षाकाठी त्यांपैकी दहा घरांत प्रत्येकी एक लाख रुपयांचे आजारपण येते. एकूण खर्च दहा लाख. म्हणजे प्रत्येक घराने हजार रुपये दिले की भागते. पण पाचशे धडधाकट कुटुंबे ‘आम्हाला काय होणार?’ म्हणून बाहेर पडली, तर उरलेल्यांचा हप्ता दोन हजार होतो. मग आणखी काही गळतात आणि हप्ता पुन्हा चढतो. शेवटी आजारीच तेवढे उरतात व विमा बुडतो. शासन आणि बाजार यांच्या वादाचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

इतिहासाचे दोन टप्पे

१९५६ साली केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या काळात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही शासनाकडे आला. १०७ विमा संस्थांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. या कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ पॉलिसी आणली. तथापि ती मुख्यतः शहरी पगारदारांपर्यंतच पोहोचली. पुढे मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना वाट मोकळी करण्याची शिफारस केली आणि १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन होऊन ती अमलात आली.

बाजाराचे समर्थक म्हणतात की, स्पर्धेमुळे ग्राहकाला निवड मिळाली. हे खोटे नाही. रुग्णालयात आधी पैसे न भरता उपचार घेण्याची सोय याच काळात रुळली. मक्तेदारी असताना ग्राहकाला दुसरे दार नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

मामांचे प्रकरण

मग अडते कोठे? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात दाखविले की, वैद्यकीय सेवेचा बाजार धान्याच्या बाजारासारखा नसतो. रुग्णाला आपल्याला कोणता उपचार हवा हे कळत नाही; डॉक्टरला कळते. विमेदाराला आपली प्रकृती ठाऊक असते, कंपनीला नसते. उलट पॉलिसीतील कलमे कंपनीला ठाऊक असतात, विमेदाराला नसतात.

माझ्या मामांची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. एजंटाने इंग्रजी फॉर्म भरला आणि मामांनी सही केली. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याचे त्यात लिहिलेच गेले नाही. तिसऱ्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने ‘आजार लपविला’ म्हणून क्लेम नाकारला. बिलापोटी दोन एकर जमीन गहाण पडली.

येथे कंपनीला केवळ खलनायक ठरवून चालणार नाही. प्रत्येकाने आजार लपविला, तर खरे बोलणाऱ्यांनी कोणाकोणाचा भार वाहायचा? परंतु न वाचलेल्या कागदावरील सहीला ‘करार’ म्हणायचे का, हाही प्रश्न उरतोच. नियामकाने २०२४ मध्ये नियम केला की, सलग साठ महिने हप्ता भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती न दिल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. सुधारणा चांगली आहे; पण मामांची तीनच वर्षे झाली होती. त्यांना तिचाही आधार मिळाला नसता.

सर्वांना एकत्र ठेवण्याचा मार्ग

आपल्या शेतकऱ्यांना हा पेच नवा नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांनी पीकविम्याचा विचार मांडताना एकेका शेताऐवजी संपूर्ण क्षेत्र हे एकक धरावे, असे सुचविले. त्यामुळे एकट्याने माहिती लपवून लाभ घेण्याला वाव उरत नाही. १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेत हेच तत्त्व होते, आणि कर्जदार शेतकऱ्यांना ती सक्तीची असल्याने चांगल्या-वाईट जमिनी एकत्र राहिल्या.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील कामगारांना परिचित असलेली राज्य कामगार विमा योजनाही १९४८ च्या कायद्याने अशाच सक्तीवर उभी राहिली. तेथे वर्गणी आजारावर नव्हे, वेतनावर ठरते. २०१९ मध्ये ती कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के अशी ठरविण्यात आली.

महाराष्ट्र शासनाची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांखेरीज चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेण्यात आले. त्यांत आपला जालना जिल्हा होता. म्हणजे मामा पात्र होते! परंतु त्यांना हे कोणी सांगितले नाही, आणि घाईत नेलेले रुग्णालय योजनेच्या यादीत नव्हते. २०२४ पासून ही योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत लागू झाली. तरीही मंठा किंवा जाफराबादच्या खेड्यातून यादीतील रुग्णालय गाठणे आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च हे प्रश्न कार्डाने सुटत नाहीत.

निष्कर्ष

पुन्हा व्यासपीठावर उभा राहिलो, तर मी विषयच थोडा बदलून मागेन. कोणाला विम्यात घ्यायचे आणि कोणाला वगळायचे, हे बाजारावर सोडता येत नाही; कारण नफ्याचा ओढा निरोग्यांकडेच जातो. तेथे शासन हवे. परंतु सेवा कोण तत्पर देतो, यात स्पर्धा असावी; सरकारी शिक्क्याने तत्परता येत नाही. नियामकाने २०२० मध्ये सर्व कंपन्यांना ‘आरोग्य संजीवनी’ ही एकाच धर्तीची पॉलिसी ठेवायला लावली. तशीच प्रत्येक पॉलिसी ग्राहकाला मराठीत वाचून दाखविणे बंधनकारक व्हावे, असे मला वाटते.

मामांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, “म्हंजी चूक माझी बी होती आन् त्यांची बी. पर जमीन माझीच गहाण पडली.” नियंत्रण कशासाठी हवे, याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. चूक दोघांची असली, तरी तिची किंमत दुबळ्यालाच मोजावी लागते. त्या दिवशी टाळ्या मिळविताना मी नेमके हेच विसरलो होतो.